सोबत राहायला गेल्यावर दिव्यांगाचे अनुदान आणि आजारपणाचा भत्ता

आपल्या पत्रातील हकीकत थोडक्यात अशी : आपण उचगावात राहता, पायाने ६० टक्के दिव्यांग आहात, आपला घटस्फोट झालेला आहे आणि संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे दरमहा आपल्या खात्यात जमा होतात. ज्यांच्याबरोबर आपण संसार मांडू इच्छिता ते गृहस्थ शिरोली एमआयडीसीतील फाउंड्रीत कामाला आहेत. मणक्याच्या क्षयामुळे सध्या घरी असून त्यांना ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचा, आजारपणाचा भत्ता मिळतो. एकत्र राहिलात तर दोघांचेही पैसे बंद होतील असे शेजारी सांगतात, तर लग्न न करता राहिलात तर काहीच होत नाही असे आपले मामा सांगतात, आणि यांपैकी खरे काय असे आपण विचारता.

दोन्ही सांगणी अर्धवट आहेत, कारण हे दोन पैसे मुळातच वेगळ्या जातीचे आहेत. ईएसआयचा भत्ता ही मदत नसून विमा आहे. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के अशी वर्गणी भरली जाते व तिच्या बळावर हा हक्क निर्माण होतो. त्यामुळे विमाधारक कोणासोबत राहतो, त्याने लग्न केले की नाही किंवा घरातील दुसरी व्यक्ती किती कमावते, हे तेथे पाहिले जात नाही. साधा आजारपणाचा भत्ता सरासरी वेतनाच्या ७० टक्के दराने वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतो. क्षयासारख्या यादीतील दीर्घ आजारात, किमान दोन वर्षे विमायोग्य (म्हणजे ईएसआय लागू असलेली) नोकरी आणि वर्गणीच्या दिवसांची अट पूर्ण होत असेल, तर तो ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत वाढवून मिळू शकतो. १९४८ चा ईएसआय कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला गेला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे, तरीही आपल्या प्रश्नाचे उत्तर त्याने बदलत नाही. तेव्हा त्यांच्या भत्त्याची चिंता आपण सोडून द्यावी. एक खबरदारी मात्र त्यांनी घ्यावी : आजारपणाचा भत्ता घेणाऱ्याने नेमून दिलेल्या दवाखान्याचे उपचार चालू ठेवणे आणि वैद्यकीय अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तो परिसर न सोडणे अपेक्षित असते, म्हणून राहण्याचा पत्ता बदलणार असेल तर त्यांनी तो आधी दवाखान्यात व ईएसआयच्या शाखा कार्यालयात कळवावा.

आपल्या अनुदानाचे तसे नाही. संजय गांधी योजना गरज पाहून दिली जाते, आणि गरज मोजण्याचे माप अर्जदाराचे एकट्याचे नव्हे तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न हे आहे. सर्वसाधारण लाभार्थ्यांसाठी ही मर्यादा २१,००० रुपये आहे, तर दिव्यांगांसाठी ५०,००० रुपये. आता हिशेब पाहा. त्यांचा पगार १८,००० रुपये होता असे आपण लिहिता; ८० टक्के दराने भत्ता धरला तर तो महिन्याला सुमारे १४,४०० आणि वर्षाला सुमारे १,७२,८०० रुपये होतो. म्हणजे ते अंथरुणाला खिळलेले असतानाही लग्नानंतर आपले कुटुंब मर्यादेच्या तिपटीहून पुढे जाते. आजारपणाचा भत्ता म्हणजे उत्पन्न नव्हे असा युक्तिवाद करता येईल, परंतु तो बुडालेल्या पगाराच्या जागीच मिळत असल्यामुळे माझ्या मते टिकणार नाही, आणि ते कामावर परतले की त्या युक्तिवादाला अर्थही उरणार नाही. दिव्यांग स्त्रीने लग्न करताच तिला नवऱ्याच्या कमाईवर सोपवून मोकळे व्हायचे, ही रचना मला न्याय्य वाटत नाही. दिव्यांगत्वाचा खर्च लग्नाने कमी होत नाही. पण आज नियम तोच आहे.

मग लग्न न करता राहिले तर? प्रौढ व अविवाहित स्त्री-पुरुषांनी स्वेच्छेने एकत्र राहणे हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये खुशबू प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्याच वर्षीच्या वेलुसामी निकालात, समाजात पती-पत्नीप्रमाणे दीर्घकाळ वावरणाऱ्या अविवाहित जोडप्यांचे नाते कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली विवाहसदृश मानता येते, असेही म्हटले आहे. मामांचा सल्ला येथे लंगडा पडतो. कागदावर पत्नी नसल्यामुळे आपण एकट्या आहात असे दाखवता येईल, हे खरे; परंतु उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आपण स्वयंघोषणापत्र देता, गावपातळीवर चौकशी होते, आणि एका चुलीवर जेवणाऱ्या घराचा खर्च कोण चालवते हे उचगावात कोणाला विचारून समजावे लागत नाही. खोटी माहिती देऊन लाभ घेतल्याचे ठरल्यास रक्कम वसूल होऊ शकते, शिवाय दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ९१ मध्ये दिव्यांगांसाठीचे लाभ लबाडीने घेण्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले आहेत. महिन्याच्या अनुदानासाठी ही टांगती तलवार घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उलट लग्नाने काय मिळते तेही मोजा. दिव्यांग लाभार्थ्यांचे अनुदान दरमहा २,५०० रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. म्हणजे आपण वर्षाला ३०,००० रुपये गमावाल. त्याच्या बदल्यात पत्नी म्हणून आपल्याला ईएसआयचे वैद्यकीय उपचार मिळतील, आणि पुढे कामावरील अपघातात त्यांचे काही बरेवाईट झाल्यास विधवा म्हणून अवलंबितांचा लाभ मिळण्याचा हक्क राहील. नुसत्या सहवासाने यांपैकी काहीही मिळत नाही. आपले यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचे ओळखपत्र), एस.टी.ची सवलत, सरकारी नोकरीतील ४ टक्के आरक्षण यांना लग्नाने धक्का लागत नाही. दिव्यांग व्यक्तीच्या विवाहासाठी राज्याची प्रोत्साहन योजनाही आहे. तिच्या अटी, विशेषतः पुनर्विवाहाबाबतची अट, जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात आधी विचारून घ्याव्यात.

आता पत्राच्या शेवटी आपण सहज लिहिलेली, पण मला सर्वांत गंभीर वाटलेली गोष्ट. त्यांची पहिल्या पत्नीशी ‘शंभराच्या स्टॅम्पवर फारकत’ झाली आहे. आपल्याकडे अशी फारकत सर्रास लिहिली जाते आणि नोटरीचा शिक्का पाहून लोक निश्चिंत होतात. परंतु हिंदू विवाह कायद्याखाली विवाह न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच संपतो. अपवाद फक्त त्या समाजात सिद्ध करता येण्यासारखी घटस्फोटाची रूढी असल्यास, आणि ती सिद्ध करणे कठीण असते. हुकूमनामा नसेल तर कायद्याने ते आजही विवाहित आहेत, आपले लग्न शून्य ठरेल, भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली त्यांच्यावर गुन्हा दाखल होऊ शकेल, आणि ईएसआयच्या दृष्टीने पत्नी पहिलीच राहील. आपण अनुदान सोडाल आणि पत्नीचा हक्कही हाती येणार नाही, अशी दुहेरी हानी होईल. त्यांनी परस्परसंमतीच्या घटस्फोटाचा अर्ज कोल्हापूरच्या कौटुंबिक न्यायालयात करावा, आणि हुकूमनामा हाती येईपर्यंत आपण आपले घर, आपले रेशनकार्ड व आपले अनुदान आहे तसे ठेवावे.

हुकूमनाम्यानंतर विवाह नोंदवलात की तहसील कार्यालयातील संजय गांधी शाखेला लेखी कळवा आणि पोच घ्या. आपण त्यांच्याकडे शिरोलीस राहायला गेलात तर आपले प्रकरण करवीर तहसीलमधून हातकणंगले तहसीलकडे जाईल हे लक्षात ठेवा. ते उचगावात आले तर तो खटाटोप वाचतो. अनुदान बंद करण्याचा निर्णय झाल्यास तोंडी उत्तरावर समाधान न मानता कारणांसह लेखी आदेश मागा. म्हणणे ऐकून न घेता अनुदान थांबवले गेले असेल, तर उच्च न्यायालयात दाद मागण्यासाठी आता मुंबईला जावे लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) ऑगस्ट २०२५ पासून सुरू आहे. त्यांची नोकरी सुटून घराचे उत्पन्न पुन्हा मर्यादेखाली आले, तर नव्या उत्पन्नाच्या दाखल्यासह आपण नव्याने अर्ज करू शकता.