लोहारसाळ रचताना भिंतीवरच्या तलवारी आधी उतरवा

तुमचा प्रश्न असा: टेबलाभोवती बसून, पात्रं घेऊन खेळायचा तुमचा भूमिका-खेळ (रोलप्लेइंग गेम) खाडीकाठच्या काल्पनिक बंदरात चालू आहे, नकाशावर लोहार आहे, पण खेळाडू आत शिरतात, तलवार निवडतात, मोहरा मोजतात आणि दोन मिनिटांत बाहेर पडतात. त्या जागेत जीव कसा आणायचा?

भिंतीवर टांगलेल्या तलवारी आधी काढून टाका. गावचा लोहार माल मांडून बसत नाही, त्याच्याकडे लोकांचं अर्धवट काम पडलेलं असतं. देवगड तालुक्यातल्या आमच्या गावी मी लहानपणी आजोबांबरोबर कोयतीला पाणी द्यायला जायचो, तेव्हा त्या साळेत विकायची म्हणून एकही वस्तू नसायची. झिजलेला फाळ, दांडा निसटलेली कुदळ, कुणाच्या तरी विळीचं पातं. कुठली वस्तू कोणाची, हे लोहाराला तोंडपाठ. तुमच्याही साळेत अशा चारपाच वस्तू ठेवा आणि प्रत्येकीला मालक द्या. गलबताचा वाकलेला नांगर दुरुस्तीला टाकून तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, दोन पौर्णिमा फिरकलेला नाही, एवढं सांगितलं की खेळाडू आपणच चौकशीला लागतात.

दुसरी गोष्ट अंधाराची. साळ अंधारी असते ती मुद्दाम. लोखंड किती तापलं हे रंगावरून ओळखायचं: सुमारे ८०० अंशांना तांबडं, साडेनऊशेच्या आसपास नारिंगी, अकराशेच्या पुढे पिवळं. भर उन्हात हे रंग फसवतात. म्हणून छप्पर खाली उतरतं ठेवा आणि उजेड एकाच बाजूने येऊ द्या. उन्हातून आत आलेल्या खेळाडूला आधी फक्त विस्तव दिसेल. भात्यापाशी कोण बसलंय हे दिसायला वेळ लागेल, आणि तो वेळ तुमच्या हातात आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ताव, म्हणजे लोखंडाची एक तापवणी. लोखंड विस्तवात असतं तोवर लोहार बोलतो. ते सांडशीत धरून ऐरणीवर आलं की गप्प, कारण थंड व्हायच्या आत घाव पडायला हवेत. लोहार छोट्या हातोड्याने जागा दाखवतो, समोरचा घणकरी तिथेच घण घालतो, त्यांच्यात शब्दांची गरज पडत नाही. माझ्या टेबलावर मी हाच नियम केला: एका तावाला एकच प्रश्न. मग घण सुरू, खेळाडूंनी थांबायचं आणि आपापसात ठरवायचं की पुढच्या तावाला काय विचारायचं. ज्या गटाला लोहाराचं नावही लक्षात राहत नव्हतं, तो गट तिथे अख्खी संध्याकाळ रमला. प्रश्न जास्त हवे असतील तर एकाने भाता ओढायला बसावं. हे मला नाण्यांपेक्षा चांगलं मोल वाटतं. गावकऱ्यांचा व्यवहारही तसा रोकडा नव्हताच, बारा बलुतेदारांत लोहार असे आणि सुगीला धान्यातून त्याचं बलुतं मिळे. रोख पैसे देणारा म्हणजे परका, हे खेळाडूंना लोहाराच्या नजरेतून कळू द्या.

जागा कुठे? दुपारनंतर वारा समुद्रावरून आत येतो, आणि झापांनी शाकारलेल्या घरांवर ठिणगी उडाली तर वाडी जळेल. म्हणून साळ घरांच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला, पण खाडीच्या फाट्यापाशी ठेवा, म्हणजे नांगर आणि साखळदंड होडीतून दारापर्यंत येतील. भिंती चिऱ्याच्या. खाऱ्या हवेत लोखंड चटकन गंजतं, तेव्हा तयार कामावर तेलाचा हात हवाच.

वर्षाचा फेराही जागा बदलतो, आणि नवे गेममास्टर, म्हणजे खेळ चालवणारे, हे नेमकं विसरतात. पेरणीच्या तोंडावर दारात फाळांची रांग. श्रावणात, नारळी पौर्णिमेला होड्या समुद्रात उतरायच्या आधी, सगळी घाई खिळ्यांची आणि कड्यांची. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. त्या दिवशी ऐरणीवर झेंडूची फुलं आहेत, भट्टी थंड आहे, आणि तुमच्या खेळाडूची तलवार नेमकी आदल्या रात्री मोडली आहे, असं करून बघा.

तलवार हवीच असेल तर फिरंग आणा. युरोपातून आलेलं सरळ पातं, त्याला मूठ इथली. म्हणजे बंदरातल्या लोहाराला पातं घडवावंच लागत नाही, तो मूठ बसवतो. मुठीत तापवलेली राळ किंवा लाख भरून पात्याचं शेपूट रोवतात, आणि मूठ पुन्हा तापवली की पातं सुटतं. एका तावाचा प्रश्न त्यासाठी राखून ठेवायला सांगा. मूठ निघाली की पात्यावर जो परदेशी छाप उघडा पडेल, तो त्या न फिरकलेल्या तांडेलाच्या गलबतावरच्या पेटाऱ्यावरही असू द्या.