स्वभाव रक्तातूनच येतो का? ‘स्व’ घडण्यात आनुवंशिकतेचा वाटा किती?

ढोबळमानाने निम्मा. पण या ‘निम्म्या’चा अर्थ लोक हमखास चुकीचा लावतात. २०१५ साली जुळ्यांवरच्या सुमारे ५० वर्षांच्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात सगळ्या गुणांची सरासरी आनुवंशिकता ४९ टक्के निघाली. हा आकडा लोकालोकांमधल्या फरकाचा आहे: त्या फरकातला किती भाग जनुकांमुळे, एवढंच तो सांगतो. तुमच्या तापटपणातला ४९ टक्के भाग वडिलांचा, असा हिशोब त्यातून मांडता येत नाही.

अमेरिकेतल्या ओहायोच्या ‘जिम जुळ्यां’चं (दोघांचंही नाव जिम) उदाहरण नेहमी दिलं जातं. तान्हेपणीच दोन वेगळ्या घरी दत्तक गेलेले हे भाऊ १९७९ मध्ये, वयाच्या ३९व्या वर्षी भेटले. दोघांच्याही पहिल्या बायकोचं नाव लिंडा, दुसरीचं बेटी! त्यांच्यापासूनच मानसशास्त्रज्ञ थॉमस बूशार्ड यांचा, वेगवेगळ्या घरी वाढलेल्या जुळ्यांवरचा मिनेसोटातला प्रसिद्ध अभ्यास सुरू झाला. (बायकोचं नाव काही जनुकांत लिहिलेलं नसतं, तो निव्वळ योगायोग.)

आता ‘स्व’. स्वभावाचा कल आणि ‘मी कोण’ ही कल्पना, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बुजरेपणा उपजत असू शकतो. पण ‘आमचा बाळ अगदी घुमा आहे हो’ हे पाहुण्यांसमोर दहादा ऐकल्यावर ‘मी घुमा’ ही ओळख पक्की होते. समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०२ मध्ये हेच मांडलं: इतरांच्या नजरेत आपण कसे दिसतो याच्या अंदाजातून ‘स्व’ घडतो. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी पुढे लक्ष वेधलं ते आईवडिलांच्या अटी घालून केलेल्या प्रेमाचा ‘स्व’वर होणाऱ्या परिणामाकडे.

आणि सगळं श्रेय ‘घरच्या संस्कारां’नाही देऊ नका. एकाच घरात वाढल्यामुळे भावंडांचे स्वभाव फारसे सारखे होत नाहीत, हेही जुळ्यांच्या अभ्यासांतूनच पुढे आलंय.