नवरा-बायको दोघंही एचआयव्ही पॉझिटिव्ह असतील तर काँडोम कशाला, दोघांचा व्हायरस एकच ना?

तुमचा दुसरा प्रश्न असा की एकाच्या गोळ्या संपल्या तर दुसऱ्याच्या घेतल्या तर चालतील का. मी सांगली-मिरज भागात बरीच वर्षं एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या चालू असलेल्या पेशंटचं काउन्सेलिंग केलंय, हे दोन्ही प्रश्न ऊसतोडीला आलेल्या जोडप्यांपासून शाळामास्तरांपर्यंत सगळ्यांनी विचारलेत, त्यामुळं अजिबात संकोच करू नका.

एकाकडून दुसऱ्याला लागण झाली असली तर सुरुवातीला दोघांचा व्हायरस जवळजवळ सारखाच असतो, पण तसा राहत नाही. त्याची जनुकं म्हणजे साधारण ९,७०० अक्षरांचा कागद समजा, आणि नक्कल उतरवणारा असा की लिहिलेलं परत तपासतच नाही, दर दोन-चार नकलांमागं एखादं अक्षर चुकतंच. गोळ्या चालू नसल्या तर अंगात रोज अब्जावधी नवे व्हायरस तयार होतात, मग वर्षभरात किती प्रकार झाले असतील बघा! आपल्याकडं बहुतेकांना एचआयव्ही-१ चा सी प्रकार असतो, युरोप-अमेरिकेत जास्त करून बी, पण सी असला तरी तुमच्यातला सी आणि तुमच्या जोडीदारातला सी हळूहळू वेगळे होत जातात.

धोका इथंच आहे. एकानं गोळ्या मधेमधे सोडल्या तर त्याच्यात औषधाला न जुमानणारा व्हायरस माजतो. लॅमिव्हुडीन हे या गोळ्यांमधलं एक औषध, ते बिनकामी व्हायला एकाच अक्षराचा बदल पुरतो. तो व्हायरस जोडीदारात गेला की जुना आणि नवा एकाच पेशीत शिरून त्यांची सरमिसळसुद्धा होऊ शकते. म्हणून काँडोम. दोघांचेही व्हायरल लोडचे (रक्तात व्हायरस किती आहे त्याचे) रिपोर्ट कायम अनडिटेक्टेबल, म्हणजे तपासणीत सापडणार नाही इतका कमी, येत असतील तर संबंधातून व्हायरस जात नाही, पण रिपोर्ट हातात नसताना ते गृहीत धरू नका.

गोळ्यांचं म्हणाल तर सध्या बऱ्याच जणांना टीएलडीच (तीन औषधं एकत्र असलेली एक गोळी) असते, पण सगळ्यांना नाही, त्यामुळं डॉक्टरांना न विचारता एकमेकांच्या घेऊ नका. आणि गोळी एकच असली तरी एकाच्या डबीतून दोघं खायला लागलात तर दोघांच्याही लवकर संपणार, मग दोघांचाही खाडा. त्यापेक्षा कारखाना बदलायचा असेल, गावाला जायचं असेल तर आधी गोळ्या मिळतात त्या एआरटी सेंटरवर सांगा, ते जास्तीच्या गोळ्या देतात नाहीतर तिकडच्या सेंटरला जोडून देतात. डबीत आठवडाभराच्या उरल्या असतानाच जा, आणि विचारायला कोणी नसेल तर १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनला फोन लावा, पैसे लागत नाहीत.