स्पॅनिश कोण, हिस्पॅनिक कोण? वाचकांचे प्रश्न

आडनाव, चेहरा किंवा रक्त पाहून माणूस स्पॅनिश की नाही हे कसं ओळखायचं, असं विचारणारी पत्रं थांबत नाहीत. तसं ओळखता येत नाही. या वेळी थोडं सविस्तर लिहितो.

प्रश्न : आम्ही मूळचे गोव्याचे, आडनाव फर्नांडिस. अमेरिकेत नातवाच्या शाळेच्या फॉर्मवर ‘हिस्पॅनिक’वर खूण करावी का?

नाही. ‘हिस्पॅनिक’ म्हणजे स्पेनशी किंवा स्पॅनिश बोलणाऱ्या देशांशी मुळं जोडलेली माणसं. तुमचं आडनाव पोर्तुगीज अमलात बाप्तिस्म्याबरोबर आलेलं आहे. १५८० ते १६४० या काळात स्पेन आणि पोर्तुगालचा राजा एकच होता, पण गोव्याचा कारभार पोर्तुगीजांकडेच राहिला. फॉर्मबद्दल तरीही शंका असेल तर शाळेच्या कार्यालयात विचारा, नातेवाइकांच्या ग्रुपवर नको.

प्रश्न : दुबईतल्या माझ्या फिलिपिनो सहकाऱ्याचं आडनाव स्पॅनिश आहे. म्हणजे त्याचे पूर्वज स्पॅनिश?

आडनावावरून सांगता येणार नाही. फिलिपिन्सवर स्पेनची सत्ता असताना, १८४९ साली तिथल्या गव्हर्नर क्लावेरियाने करवसुली आणि नोंदी सोप्या व्हाव्यात म्हणून आडनावांची वर्णानुक्रमे यादीच गावोगाव पाठवली. काही गावांच्या वाट्याला यादीचं एखादंच पान आलं, त्यामुळे तिथली बहुतेक आडनावं आजही एकाच अक्षराने सुरू होतात.

प्रश्न : माझा नवरा मेक्सिकन आहे. डीएनए किटमध्ये तो ४१ टक्के ‘आयबेरियन’ (म्हणजे स्पेन-पोर्तुगालकडचा) निघाला. त्यावर मुलांना स्पॅनिश पासपोर्ट मिळेल, असं एक एजंट म्हणतो.

त्या एजंटला एक पैसाही देऊ नका. डीएनए अहवालावर स्पेन कुणालाही नागरिकत्व देत नाही. २०२२च्या कायद्याने स्पॅनिश आजी-आजोबांच्या नातवंडांसाठी जी वाट उघडली होती, तिची मुदतही ऑक्टोबर २०२५मध्ये संपली. घरात कुणाचा स्पेनमधला जन्मदाखला असेल, तर तो घेऊन वकिलाला किंवा स्पॅनिश वकिलातीला भेटा.

आता त्या ४१ टक्क्यांविषयी. कंपनी तुमचा नमुना स्वतःकडच्या नमुन्यांशी ताडून पाहते. तो संच बदलला की आकडाही बदलतो, माणूस मात्र तोच असतो. आणि रक्त मोजण्याची ही हौस स्पेनला फार महागात पडली आहे. १४४९मध्ये तोलेदो शहराने ज्यू धर्मातून ख्रिस्ती झालेल्यांना नगराच्या पदांवरून दूर केलं. पुढे चर्चच्या मंडळांपासून विद्यालयांपर्यंत अनेक ठिकाणी उमेदवाराची वंशावळ तपासली जाऊ लागली. १४९२मध्ये ज्यूंना देशाबाहेर काढलं आणि १६०९ ते १६१४ या काळात सुमारे ३ लाख मोरिस्कोंना. मोरिस्को म्हणजे बाप्तिस्मा घेतलेले मुस्लिमांचे वंशज. ते कित्येक पिढ्या तिथेच जन्मलेले, तिथलीच शेती कसणारे होते. कागदावर ख्रिस्ती असूनही ते परके ठरले.

स्पेनच्या ताब्यातल्या मेक्सिकोत हेच वेड चित्रांत उतरलं. अठराव्या शतकातल्या त्या चित्रांत एका चौकटीत आई, बाप आणि मूल दिसतं आणि खाली लिहिलेलं असतं, या दोघांचं मूल कोणत्या जातीचं. पण त्याही आधी पुएब्ला शहरात कातारिना दे सान हुआन राहून गेली होती. भारतातून पळवलेली, मनिलामार्गे गुलाम म्हणून मेक्सिकोत पोचलेली ही बाई १६८८मध्ये वारली, तेव्हा गावकरी तिला संत मानत होते. २०२०च्या जनगणनेत मेक्सिकोतल्या सुमारे २५ लाख लोकांनी स्वतःची आफ्रिकी वंशाची ओळख नोंदवली. तुमच्या नवऱ्याचा देश असा घडला आहे. मुलांना त्यांच्या आजीशी स्पॅनिशमध्ये बोलू द्या, तिच्याकडून मोले हा मेक्सिकन रस्सा करायला शिकू द्या, तिचं गाव दाखवा. त्यांची ओळख त्यातून घडेल. अहवाल बाजूला ठेवा.

प्रश्न : फ्लामेंको हा स्पेनमधला नाच-गाण्याचा प्रकार म्हणजे मूळचा कथकच, असं एका व्हिडिओत ऐकलं.

ऐकीव गोष्ट आहे. गितानो म्हणजे स्पेनमधले रोमा (जिप्सी) लोक; त्यांचे पूर्वज भारताच्या वायव्येकडून निघाले, हे खरं. स्पेनमधली त्यांची सर्वांत जुनी ज्ञात नोंद १४२५ची आहे. पण फ्लामेंको दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियात घडला, गितानो आणि स्थानिक गाण्यांच्या मिसळणीतून. १७४९मध्ये राजाज्ञेने सरसकट कैदेत टाकल्या गेलेल्या समाजाची ही कमाई आहे. ती हिरावून घेऊ नका.

प्रश्न : माद्रिदमध्ये आता लॅटिन अमेरिकी लोकच दिसतात. मूळ संस्कृती संपली का?

नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाखो स्पॅनिश लोक पोटासाठी अर्जेंटिना आणि क्युबाला गेले. १९३९मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात पराभूत झालेल्या प्रजासत्ताकवाद्यांना मेक्सिकोने आसरा दिला. साठच्या दशकात स्पॅनिश मजूर जर्मनीच्या कारखान्यांत राबले. आज कोलंबियातल्या बोगोताहून आणि व्हेनेझुएलातल्या काराकासहून येणारे लोक त्याच वाटेने उलटे येताहेत.

प्रश्न : भाचा बार्सिलोनात नोकरी करतो. दोन वर्षांत नागरिकत्व मिळतं ना?

ती सवलत लॅटिन अमेरिकी देश, फिलिपिन्स, इक्वेटोरियल गिनी, अंडोरा आणि पोर्तुगालच्या नागरिकांना आहे, सेफार्दी ज्यूंनाही (स्पेन-पोर्तुगालमधून बाहेर काढलेल्या ज्यूंच्या वंशजांनाही) आहे. भारतीयांना साधारणपणे १० वर्षांचं सलग आणि कायदेशीर वास्तव्य लागतं. निवासपरवान्याचं नूतनीकरण ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणत लांबवलं, तर ते सलगपण धोक्यात येतं. त्याला बार्सिलोनाकडची कातालान भाषा येत असेल तर उत्तमच, पण भाषेची परीक्षा स्पॅनिशची आहे. शिवाय भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. भारतीय पासपोर्ट सोडावा लागेल, नंतर ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्डासाठी अर्ज करता येईल. त्याने आधी तिथल्या परदेशी नागरिकांच्या कायद्याचा जाणकार वकील गाठावा आणि आजच परवान्यावरची तारीख पाहावी.