वाघाने लावलेले दार, मनाने लावलेले दार

माघ महिना संपत आला की ग्रामीण रुग्णालयातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येते. घरात जीव लागत नाही आणि घराबाहेर पाऊलही टाकवत नाही. अंगात ताप नाही, कुठे ठणका नाही, तरी काही करावेसे वाटत नाही. हा आजार म्हणायचा की आळस? विचारणाऱ्या बहुतेक बायका असतात, आणि 'आळस' हा शब्द त्यांना आधीच घरातल्या कुणीतरी ऐकवलेला असतो. या प्रश्नाचे उत्तर मला ज्या एका बाईंकडून अधिक नीट समजले त्यांची हकिगत त्यांच्या परवानगीने, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, इथे लिहिते आहे.

मावशी अठ्ठावन्न वर्षांच्या. चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्व भागात, ब्रह्मपुरीच्या बाजूला जंगलालगत असलेल्या एका लहान गावात त्यांचे घर. या झाडीपट्टीत धानाचे एकच पीक निघते आणि ज्यांच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, मामा (माजी मालगुजारी) तलावाचे पाणी पोचत नाही त्यांच्या हाताला मळणीनंतर काम उरत नाही, म्हणून जानेवारीत घरेच्या घरे मिरची तोडायला तेलंगणात जातात ती होळीच्या आसपास किंवा त्याहूनही उशिरा परततात. मावशींचा मुलगा आणि सून गेले होते. गुडघ्यामुळे मावशी मागे राहिल्या, आणि शाळा बुडू नये म्हणून दोन नातवंडेही त्यांच्याजवळ राहिली. दिवाळीनंतर या भागात रात्रभर नाटके चालतात, मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, निमित्ताने लेकी माहेरी येतात, घरोघरी पाहुणे असतात. मावशींच्या गावातले नाटक होऊन गेले, पाहुणे परतले, तोडणीवाल्यांना घेऊन गाड्या निघाल्या आणि आठवडाभरात गाव रिकामे झाले. त्यातच शेजारच्या शिवारात वाघाने एक गाय मारली. अंधार पडल्यावर आणि पहाटे कुणीही एकट्याने बाहेर पडू नये, अशी दवंडी फिरली.

ब्रह्मपुरीला कॉलेजात शिकणारा त्यांचा पुतण्या त्यांना माझ्याकडे घेऊन आला. त्याने मोबाइलवर वाचले होते की थंड देशांत हिवाळ्यात उदासीचा आजार होतो आणि त्यावर प्रखर प्रकाशाचा दिवा वापरतात. तसा दिवा मागवावा का, असे त्याने विचारले. मोठ्या आईच्या, म्हणजे थोरल्या काकूच्या, काळजीने एवढे शोधणाऱ्या मुलाचे मला कौतुक वाटले, आणि त्याला नीट उत्तर देणे मला आवश्यक वाटले. हिवाळी नैराश्याचे वर्णन १९८४ मध्ये नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केले, आणि तो आजार मुख्यतः उत्तरेकडच्या देशांत आढळतो. नॉर्वेच्या ऑस्लो शहरात डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस सहा तासांहूनही कमी असतो, तर आपल्याकडे तोच दिवस जवळजवळ अकरा तासांचा असतो. मावशींच्या अंगणात ऊन भरपूर होते. त्या मात्र कौलारू घराच्या आतल्या खोलीत, दार ओढून, खाटेवर पडून होत्या. दिव्यावर पैसे घालण्याआधी ती खाट बाहेर का येत नाही, हे पाहायला हवे होते.

"दुखत काहीच नाही जी मॅडम, पन घर खायाला उठते," मावशी म्हणाल्या. "वाघाच्या भेवानं दार लावून बसा लागते. आन् सून फोनवर म्हनते का तुम्ही आळशी झाल्या."

उदास मनाची चौकशी करताना समुपदेशकाने घाई करू नये असे मला वाटते. महिन्याभरापासून त्यांना पहाटे तीनलाच जाग येत होती आणि पुढे झोप लागत नव्हती. नातवंडांपुरते शिजवून स्वतः कसेबसे दोन घास खात होत्या. एरवी लाखोळीची भाजी खुडताना ज्यांच्या गप्पा संपत नसत, त्या बाई कुणी हाक मारली तर ओ देईनाशा झाल्या होत्या. मन उदास राहणे किंवा कशातच रस न वाटणे यांपैकी एक तरी लक्षण, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, अपराधीपणा, एकाग्रता यांतल्या तक्रारी दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज असतील, तर त्याला आळस म्हणणे हा त्या माणसावर अन्याय आहे. नैराश्य मोजण्यासाठी आम्ही नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतो. तिच्यात त्यांचे गुण तेरा भरले, म्हणजे त्रास मध्यम स्वरूपाचा होता. जगणे नकोसे वाटते का, जीव द्यावा असे मनात येते का, हेही मी सरळ विचारले. असे विचारल्याने नसलेला विचार मनात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट अनेकांना कुणी विचारले याचाच आधार वाटतो. मावशींच्या मनात तसे काही नव्हते. तरीही धानावर फवारायच्या औषधाची उरलेली बाटली घरात आहे का, हे मी विचारले आणि पुतण्याला ती त्याच दिवशी घरातून हलवायला सांगितले. शेतकऱ्याच्या घरातल्या प्रत्येक उदास माणसाबाबत मी हा आग्रह धरते आणि पुढेही धरीन.

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी रक्त तपासले, कारण थायरॉइड ग्रंथी मंदावली किंवा रक्त कमी झाले तरी माणूस असाच गळून जातो. थायरॉइड ठीक निघाला. हिमोग्लोबिन ९.६ होते, बाईचे ते किमान १२ तरी असावे. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. मनाच्या औषधाचा निर्णय काही आठवडे पाहून घ्यायचे ठरले.

त्यानंतर मी माझ्या टेबलाच्या खणातले चिंचोके काढले. मावशींना लिहिता येत नाही, आणि तक्ते भरून घेण्यापेक्षा चिंचोके मला नेहमीच अधिक उपयोगी पडले आहेत. दिवसाच्या तासांचे चोवीस चिंचोके त्यांच्यापुढे ठेवून मी म्हटले, "मावशी, वाघाच्या भीतीने दार लावावेच लागते ते किती तास?" त्यांनी विचार करून संध्याकाळी पाचपासून सकाळी सातपर्यंतचे चौदा बाजूला केले. स्वयंपाक, पाणी, नातवंडांची आंघोळ आणि शाळेची तयारी यांचे तीन काढले. सात उरले. "आन् हे?" मी त्यांच्याच बोलीत विचारले. त्या बराच वेळ त्या सात चिंचोक्यांकडे पाहत राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "हे दार मीच लावते जी."

मला या प्रश्नाबाबत जे सांगायचे आहे ते हेच आहे. घरात कोंडून राहावे लागण्याला अनेकदा खरे, रास्त कारण असते, आणि ते कारण खोटे ठरवून 'बाहेर पडा, बरे वाटेल' असे सांगणारा माणूस ऐकणाऱ्याचा विश्वास गमावतो. मात्र त्या खऱ्या कारणाच्या आडून उदासी आपलाही वाटा वाढवत नेते. दोन्ही दारे बाहेरून सारखीच दिसत असल्यामुळे कोणते कुणी लावले हे आत बसलेल्याला कळत नाही. सत्तरच्या दशकात पीटर लेविन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने नैराश्याचे हे चक्र मांडले होते: ज्यांतून समाधान मिळते अशा गोष्टी आयुष्यातून कमी होतात, म्हणून मन खचते, आणि मन खचले म्हणून माणूस उरलेल्या गोष्टीही सोडतो. त्यावर आधारलेल्या उपचारात इच्छा होण्याची वाट पाहत नाहीत. आधी छोटी कृती ठरवतात, ती ठरल्या वेळी करतात, आणि इच्छा तिच्या मागून येते.

पहिल्या भेटीत माझी एक चूक झाली. रोज सकाळी तलावाच्या पाळीपर्यंत जाऊन यावे, असे मी सुचवले आणि त्यांनी मान डोलावली. त्याच आठवड्यात पाळीवर वाघाचे पंजे उमटलेले दिसले. मावशी पुन्हा आतल्या खोलीत गेल्या आणि पुढच्या भेटीला आल्याच नाहीत. पुतण्याला फोन करून मी त्यांना बोलावून घेतले आणि दोष त्यांचा नसून माझ्या सल्ल्याचा आहे, हे त्यांना स्पष्ट सांगितले. गाव त्यांचे, वाघाची वाट त्यांना ठाऊक. ठरवायचे ते त्यांनीच ठरवायला हवे होते.

त्यांनी ठरवलेले फार लहान होते. नातवंडे शाळेत गेली की खाट अंगणात काढायची आणि दुपारपर्यंत ती आत न्यायची नाही. पहिले तीन दिवस त्या बाहेरच्या खाटेवर नुसत्या पडून राहिल्या, तरी मी ते यशच मानले, कारण डोळ्यांवर सकाळचा उजेड पडू लागला की झोपेचे घड्याळ हळूहळू जागेवर यायला मदत होते. चौथ्या दिवशी, खाट बाहेर दिसली म्हणून, समोरच्या घरातली एकटी म्हातारी येऊन टेकली. पुढच्या आठवड्यात दोघींनी कोहळे किसून वड्या घातल्या, त्या वाळेपर्यंत कोंबड्या हाकायला कुणीतरी अंगणात बसणे भागच होते.

संध्याकाळ मात्र सर्वांत जड जात होती. दिवेलागणीपासून झोपेपर्यंतचे तास कसे काढावेत, यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हते; ते त्यांच्या गावाकडे होते. घरातला पुरुष गावाला गेला की शेजारीण सोबतीला झोपायला येते, ही आपल्याकडची जुनी रीत. मावशींनी त्या म्हातारीला सोबतीला बोलावले. दोन्ही घरांत वेगवेगळे दार लावून बसण्याऐवजी उजेड असतानाच एका घरात सगळे जमू लागले, एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे. दार पाचलाच लागत होते, पण आत आता चार माणसे होती. मुलाचा फोन कधी येईल म्हणून त्या दिवसभर मोबाइल उशाशी घेऊन बसत आणि नाही आला की नको ते मनात येई, म्हणून सुनेशी बोलून रात्री आठची वेळ पक्की केली. त्या बोलण्यात मी सुनेला आळस आणि आजार यांतला फरकही समजावून सांगितला. ती रडली. दिवसभर मिरचीत हात पोळून घेणारी ती मुलगी निष्ठुर नव्हती, तिला कुणी सांगितलेच नव्हते.

असे सगळ्यांचेच लहान कृतींवर भागत नाही. चार-सहा आठवड्यांत फरक पडला नाही, खाणे-झोप आणखी ढासळली किंवा मरणाचे विचार येऊ लागले, तर औषधे लागतात आणि ती मनोविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने संकोच न करता घ्यावीत. तालुक्याला येणे जमत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. मरणाचे विचार येत असतील तर मात्र एक दिवसही थांबू नये आणि त्या माणसाला एकटे सोडू नये.

मावशींना मनाचे औषध लागले नाही. होळीच्या आधी त्या पाचव्यांदा आल्या तेव्हा त्यांचे गुण सहावर आले होते, आणि पदराच्या गाठीतून त्यांनी दोन चिंचोके काढून टेबलावर ठेवले. "बाकीचे पाच सुटले जी. हे दोन दुपारी पडाचे आहेत, गुडघ्याचे," त्यांनी मला बजावले, आणि मी ते मान्य केले. मग त्यांनी विचारले, आता मोहाची फुले पडायला लागतील, तर वेचायला गेले तर चालेल का? महिन्याभरापूर्वी अंगणाची भीती वाटणाऱ्या बाईंच्या तोंडून हा प्रश्न ऐकून मला आनंद झाला आणि काळजीही वाटली, कारण मोह वेचायला माणसे पहाटेच्या अंधारात जातात आणि वाकून वेचणाऱ्यावर हल्ला होण्याचा धोका अधिक असतो. आम्ही पुन्हा हिशेब केला. सूर्य चांगला वर आल्यावर, चौघी-पाचजणींनी मिळून, एकीने उभे राहून लक्ष ठेवत, आणि त्या दिवशी वनरक्षकाने नाही म्हटले तर नाही. घराजवळच्या मोहाची दोन झाडे त्यांनी बोटांवर मोजली, तिसरे नाल्यापलीकडचे होते ते स्वतःच सोडून दिले, आणि उजेड असेतो घरी पोचायचे म्हणून तीनच्या बससाठी त्या उठल्या.