परदेशी खर्चाचा हिशेब मागताना

अनेक आशीर्वाद.

पहिल्याच वर्षी पगारातून कापल्या गेलेल्या प्राप्तिकराचा आकडा आणि भारताने शेजारी देशांना दिलेल्या मदतीची बातमी एकाच आठवड्यात तुझ्या वाचनात आली, आणि आमच्या गावचा रस्ता वर्षानुवर्षे होत नसताना हा पैसा परक्यांना कशाला, असा प्रश्न तू पत्रातून विचारलास. प्रश्न रास्त आहे. राग मात्र चुकीच्या खात्यावर निघाला आहे. माझी हयात हिशेब तपासण्यात गेली असल्यामुळे मी आधी आकड्यांकडे वळतो, ही खोड तू चालवून घेशील.

2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एकूण खर्च सुमारे 50 लाख 65 हजार कोटी रुपये धरला होता आणि इतर देशांच्या मदतीसाठी परराष्ट्र मंत्रालयाकडे 5,483 कोटी रुपये ठेवले होते, म्हणजे खर्चाच्या दर शंभर रुपयांमागे साधारण 11 पैसे. त्यातला सर्वांत मोठा वाटा, 2,150 कोटी रुपये, भूतानचा होता; आणि तिथे आपल्याच पैशाने उभ्या राहिलेल्या चुखा, ताला यांसारख्या जलविद्युत प्रकल्पांची वीज आपण विकतही घेतो. तेव्हा तुझ्या गावचा रस्ता या 11 पैशांनी अडलेला नाही. तो कुठे अडला हे जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात विचारावे लागेल, पण ते असो.

परदेशात होणारा जो खर्च खरोखर डोळ्यांत तेल घालून तपासायला हवा, तो मदतीचा नसून सैन्य पाठवण्याचा असतो. एकाच शेजाऱ्यासाठी आपण हे दोन्ही खर्च केले आहेत, म्हणून श्रीलंकेचे उदाहरण घेऊ.

29 जुलै 1987 रोजी राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला आणि भारतीय शांतिसेना त्या बेटावर उतरली. तिथल्या तमिळ बंडखोरांकडून शस्त्रे जमा करून घ्यायची आणि शांतता राखायची, एवढेच काम तिला नेमून दिले होते. पण ऑक्टोबर उजाडेपर्यंत तीच सेना उत्तरेकडच्या जाफना शहराच्या गल्ल्यांमधून एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेशी लढू लागली होती. उद्दिष्ट असे मधल्या मध्ये बदलले, तेव्हा खर्च किती वाढेल आणि माघार केव्हा घ्यायची, हे प्रश्न कोणी ठामपणे विचारल्याचे दिसत नाही. मुंबईत जन्मलेले आणि महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनमध्ये असलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन 25 नोव्हेंबर 1987 च्या रात्री शोधमोहिमेवरून परतत असताना त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला. छातीत गोळी लागलेली असतानाही त्यांनी समोरच्या बंडखोराची रायफल हिसकावून त्यालाच टिपले आणि अखेरच्या श्वासापर्यंत ते आपल्या जवानांना आदेश देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. अशा शौर्यापुढे मान लवते, पण ते ज्या निर्णयासाठी खर्ची पडले तो निर्णय त्यामुळे बरोबर ठरत नाही, ही गोष्ट तुझ्या पिढीने मोकळेपणाने बोलायला हवी. या मोहिमेत अकराशेहून अधिक भारतीय जवान गेले. पुढे श्रीलंकेचे अध्यक्ष झालेल्या प्रेमदासांनी आपल्या सेनेला निघून जाण्यास सांगितलेच, वर तिच्याशी लढण्यासाठी त्यांच्या सरकारने एलटीटीईला शस्त्रेही पुरवली. मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी त्रिंकोमाली बंदरातून परत निघाली. जे साधायचे होते त्यातले फारच थोडे साधले, आणि कुटुंबनिवृत्तिवेतन, अपंगत्वाचे वेतन यांच्या रूपाने त्या मोहिमेचे देणे करदाता त्यानंतरही भरतच राहिला.

यावरून परदेशी भूमीवरचे प्रत्येक युद्ध म्हणजे उधळपट्टी, असा निष्कर्ष काढू नकोस. 1971 साली पूर्व पाकिस्तानातून जवळजवळ एक कोटी निर्वासित भारतात आले होते आणि त्यांना पोसण्याचा खर्च थांबण्याचे चिन्ह नव्हते. त्या वेळी अर्थमंत्री यशवंतराव चव्हाण होते. त्यांच्या कारकिर्दीत निर्वासितांसाठी टपाल, रेल्वे आणि विमानप्रवास यांवर उघड जादा कर बसला, आणि साध्या पत्रावरही शरणार्थी सहायतेचे 5 पैशांचे वेगळे तिकीट चिकटवावे लागे. आपण कशासाठी पैसे देत आहोत हे पत्र टाकणाऱ्या प्रत्येकाला दिसत होते. हेतू ठरलेला होता, सैन्य मार्च 1972 पर्यंत बांगलादेशातून परतले, निर्वासितही आपापल्या घरी गेले आणि टपालावरचा तो कर 1973 मध्ये उठला. कराची वसुली लोकांसमोर करण्याचे धारिष्ट सरकारने दाखवले, म्हणून मी त्या खर्चाला प्रामाणिक म्हणतो.

आता 2022 कडे ये. श्रीलंकेची परकीय गंगाजळी आटली, पेट्रोलपंपांपुढे मैलभर रांगा लागल्या, तेव्हा भारताने सुमारे 4 अब्ज डॉलरची मदत उभी केली. बातम्यांमधून ती रक्कम कोणी दान केल्यासारखी वाचली गेली. प्रत्यक्षात तिचा मोठा भाग कर्ज, चलनाची अदलाबदल आणि पुढे ढकललेली देणी असा होता. मुंबईत मुख्यालये असलेल्या एक्झिम (म्हणजे सरकारी निर्यात-आयात) बँकेने इंधनासाठी 50 कोटी डॉलर आणि स्टेट बँकेने अन्नधान्य, औषधे वगैरेंसाठी 1 अब्ज डॉलर कर्जाऊ उपलब्ध करून दिले, आणि या दुसऱ्या कर्जातला माल भारतातूनच घ्यायचा होता. आणखी एक बाब मला फार बोलकी वाटते. त्रिंकोमालीच्या तेलटाक्या दोन्ही देशांनी मिळून चालवाव्यात, हे 1987 च्या करारासोबतच्या पत्रांमध्येच लिहिलेले होते. सैन्य जाऊन परत आले तरी ते कागदावरच राहिले. त्यातल्या 61 टाक्यांच्या संयुक्त विकासाचा करार झाला तो जानेवारी 2022 मध्ये, मदतीच्या वाटाघाटी चालू असताना.

म्हणून माझा कौल मदतीच्या बाजूने आहे. मात्र ती डोळे झाकून मान्य करावी असे नाही. कर्ज बुडू शकते. श्रीलंकेच्या कर्जाची फेररचना करणाऱ्या समितीत जपान आणि फ्रान्ससोबत भारत सहअध्यक्ष होता, आणि जून 2024 मध्ये तिथे झालेल्या समझोत्यामुळे परतफेडीचे वेळापत्रक लांबले. लांबलेल्या मुदतीचा भार शेवटी आपल्यावरच येतो. अर्थसंकल्पात दिसणाऱ्या 11 पैशांपेक्षा ही बाजू मला अधिक काळजीची वाटते, कारण बँकांमार्फत दिलेल्या अशा कर्जांची चर्चा संसदेत क्वचितच होते.

पुढच्या फेब्रुवारीत अर्थसंकल्प आला की परराष्ट्र मंत्रालयाच्या अनुदान मागणीची पाने उघड. देशवार रकमा तिथे ओळीने दिलेल्या असतात. मागच्या वर्षीचा अंदाज आणि सुधारित अंदाज शेजारी ठेवून कोणाची रक्कम का वाढली ते शोध, आणि एक्झिम बँकेच्या वार्षिक अहवालात परदेशी सरकारांच्या थकबाकीविषयी काय म्हटले आहे तेही पाहा. जे आकडे जुळणार नाहीत ते तुझ्या खासदाराला लेखी विचार आणि त्याची एक प्रत मला पाठव.

कळावे.