वाचकांचे प्रश्न : जुना फ्रिज, अनोळखी विक्रेता

मे महिना आला की भाड्याची घरे बदलतात, बदल्यांचे हुकूम निघतात आणि मोबाइलवरच्या खरेदी-विक्रीच्या जाहिरातींत फ्रिज, एसी, वॉशिंग मशीन यांची रांग लागते. या अंकासाठी आलेल्या पत्रांत अशाच व्यवहारांत अडकलेल्या किंवा अडकण्याच्या बेतात असलेल्या वाचकांची पत्रे अधिक होती. त्यांतली चार निवडून, संक्षेपाने देऊन, उत्तरे देत आहे.

प्रश्न : इंटरनेटवरील जाहिरात पाहून आम्ही एका गृहस्थांकडून चार वर्षे वापरलेला डबल डोअरचा फ्रिज ९,५०० रुपयांना घेतला. त्यांच्या घरी तो चालू होता, आतल्या बाटल्या गार होत्या. आमच्याकडे आल्यावर अकराव्या दिवशी थंडावा गेला. मेकॅनिक म्हणतो की गॅस गळतो आहे आणि तो याआधीही भरलेला आहे. विक्रेते आता फोन उचलत नाहीत. ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येईल का? (एक वाचिका, चिंचवड)

उत्तर : ‘बहुधा नाही’ हे सरळ उत्तर आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा कायदा व्यापारी, उत्पादक आणि सेवा देणारे यांच्याविरुद्ध दाद मागण्यासाठी आहे, आणि बदली झाली म्हणून घरातला एक फ्रिज विकणारा गृहस्थ व्यापारी ठरत नाही. ई-व्यापारासंबंधी २०२० साली जे नियम झाले, त्यांतही नियमित धंदा म्हणून नव्हे, तर वैयक्तिक पातळीवर कोणी केलेल्या व्यवहाराला ते लागू नाहीत, असे स्पष्ट म्हटलेले आहे. ज्या संकेतस्थळावर जाहिरात होती, त्याची भूमिका मध्यस्थाची असते. तेथील तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार जरूर नोंदवावी, ठरलेल्या मुदतीत पोच आणि निपटारा हे त्याच्यावर बंधन आहे. मात्र त्यातून फार तर ते खाते बंद होईल, तुमचे ९,५०० रुपये परत येतील अशी आशा धरू नये.

तरीही हात टेकण्यापूर्वी एक गोष्ट तपासा. त्याच विक्रेत्याच्या नावावर किंवा त्याच फोन नंबरवर आणखी फ्रिजच्या जाहिराती आहेत का? ‘घरगुती वापर, बदलीमुळे विकणे आहे’ अशी जाहिरात देणाऱ्यांत असे अनेक जण असतात, जे भंगारातून किंवा दुरुस्तीच्या दुकानातून यंत्रे उचलतात, गॅस भरून, बाहेरून पुसूनपासून, एखाद्या भाड्याच्या खोलीत मांडून विकतात. त्या खोलीत फ्रिजशिवाय संसाराचे दुसरे काही दिसत नसेल, तर तेवढ्यावरूनच ओळखावे. असा माणूस घरगुती विक्रेता नव्हे, व्यापारी आहे, आणि त्याच्याविरुद्ध जिल्हा आयोगाचे दार उघडते. त्याच्या सगळ्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट तारखेसह आजच काढून ठेवा, कारण तुमची नोटीस गेली की त्या जाहिराती नाहीशा होतील.

विक्रेता खरोखरच घरगुती निघाला, तर बाजू कमकुवत होते. माल विक्री अधिनियम, १९३० प्रमाणे, जो त्या प्रकारच्या मालाचा धंदा करत नाही अशा विक्रेत्याने मालाच्या दर्जाची हमी आपोआप दिली, असे कायदा सहसा धरत नाही. पाहून घेण्याची जबाबदारी घेणाऱ्याची असते. शिवाय करारविषयक कायद्यानुसार नुसते गप्प राहणे ही सर्वसाधारणपणे फसवणूक ठरत नाही, पण विचारल्यावर जाणूनबुजून खोटे सांगणे ही निश्चितपणे ठरते. म्हणून ‘चालतो ना व्यवस्थित?’ या आपल्या नेहमीच्या प्रश्नाला काहीच किंमत नाही. ‘गॅस आधी कधी भरला आहे का? कॉम्प्रेसर बदलला आहे का? यापूर्वी कोणती दुरुस्ती झाली?’ असे नेमके प्रश्न व्हॉट्सॲपवर लिहून विचारावेत आणि उत्तर लेखी घ्यावे. तोंडी ‘एकदम कंडिशनमध्ये आहे ताई’ हे उत्तर कोठेही उपयोगाला येत नाही. तुम्ही असे काही विचारले असेल आणि त्याचे उत्तर खोटे निघाले असेल, तर वकिलामार्फत नोटीस पाठवण्याला आधार आहे; अन्यथा इतक्या रकमेसाठी दिवाणी दावा लावणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

आता फ्रिजविषयी. गळणाऱ्या फ्रिजमध्ये गॅस भरला की तो काही दिवस, कधी काही आठवडे उत्तम गार करतो, म्हणून बाटल्या गार असणे हा पुरावा नव्हे. विक्रेत्याच्या घरी फ्रिज भिंतीपासून पुढे ओढायला सांगावे आणि खाली कॉम्प्रेसरकडे टॉर्च मारावा. कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या नळ्यांपैकी एक आखूड आणि टोकाला बंद केलेली असते, तिच्यातून गॅस भरतात. कारखान्यातून आलेली ती नळी इतर भागांइतकीच धुळकट आणि काळवंडलेली दिसते. तिच्या टोकाला टोपणासह लहानसा वॉल्व्ह बसवलेला असेल, किंवा जोडावर नुकत्याच केलेल्या ब्रेझिंगची (धातू वितळवून केलेल्या जोडकामाची) चकाकी असेल, तर फ्रिजचे पोट एकदा उघडले गेले आहे. सिंगल डोअरच्या फ्रिजमध्ये आणखी सोपी खूण मिळते : काही तास चालल्यावर फ्रीझरच्या सगळ्या पत्र्यावर सारखा बर्फ धरायला हवा, एकाच कोपऱ्यात धरला आणि बाकी पत्रा ओला राहिला, तर गॅस कमी आहे.

तेथेच खालच्या पत्र्याच्या कडा आणि कॉम्प्रेसरचे बूड पाहावे. सांगली-कोल्हापुरात २०१९ आणि २०२१ साली, चिपळूणमध्ये २०२१ साली पुराचे पाणी घराघरांत शिरले होते, आणि पुरात बुडालेली यंत्रे धुऊन-सुकवून विकणे ही काही नवी गोष्ट नाही. पुराचा गाळ दर्शनी भागावरून जातो. स्क्रूच्या खाचांतून आणि पाणी साचणाऱ्या ट्रेच्या खालून तो सहसा जात नाही.

तुमच्या फ्रिजपुरते सांगायचे, तर गळती नेमकी कोठे आहे, हे कळल्याशिवाय पुन्हा गॅस भरू नका. ती मागच्या उघड्या नळ्यांत असेल तर जोड लागतो. फोम भरलेल्या भिंतीच्या आत असेल तर दुरुस्ती सहसा परवडत नाही. पाटीवर आर-६००ए असे लिहिले असेल, तर तो गॅस ज्वालाग्राही आहे आणि त्या कामाची सवय असलेल्या माणसाकडूनच ते काम करून घ्यावे. ‘दुसरा गॅस टाकतो, स्वस्तात होईल’ असे कोणी म्हटले, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

प्रश्न : पुण्यात शिकणाऱ्या माझ्या मुलाला त्याच्या ओळखीचा नसलेला एक तरुण अडीच वर्षे वापरलेले फ्रंट लोड वॉशिंग मशीन निम्म्याहून कमी किमतीत देतो आहे. तो नोकरी बदलून बंगळुरूला चालला आहे. बिल सापडत नाही म्हणतो. घ्यावे का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : बिल मिळेपर्यंत घेऊ नये. यंत्र चालते का, हा प्रश्न नंतरचा आहे. ते त्या तरुणाचे आहे का, हा पहिला. शहरांत हल्ली घरातली यंत्रे महिन्याच्या भाड्याने मिळतात, आणि ती कंपनीला परत न करता विकून गाव सोडणारे लोक आहेत. दुसरी शक्यता अशी की वॉशिंग मशीन घरमालकाचे आहे. तिसरी अशी की ते हप्त्यांवर घेतलेले आहे, हप्ते थकले आहेत आणि वस्तू कर्ज देणाऱ्याकडे तारण आहे. विक्रेत्याला वस्तूवर जो हक्क नाही, तो तो दुसऱ्याला देऊ शकत नाही, हे माल विक्रीच्या कायद्यातील मूळ तत्त्व आहे. म्हणजे खरा मालक दारात उभा राहिला तर बहुधा वस्तूही जाईल आणि बंगळुरूला गेलेल्या माणसाच्या मागे पैशासाठी धावावे लागेल. वस्तू चोरीची निघाली आणि ती तशी असावी असे वाटण्याजोगे कारण समोर असूनही घेतली असे दिसले, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७ घेणाऱ्यालाही लागू होऊ शकते. निम्म्याहून कमी किंमत, हरवलेले बिल आणि घाई या तीन गोष्टी एकत्र आल्यावर ‘मला काय माहीत’ हे सांगणे अवघड जाते.

बिल हरवणे अशक्य नाही, पण हरवलेल्या बिलाला वाट असते. बहुतेक दुकानदार फोन नंबरवरून जुने बिल पुन्हा काढून देतात, ऑनलाइन घेतले असेल तर ते खात्यात असतेच. यंत्राच्या पाटीवरचा सीरियल नंबर बिलावरच्या नंबराशी ताडून पाहावा. पाटी खरवडलेली असेल तर बोलणे तेथेच थांबवावे. विक्रेता राहतो त्या सोसायटीत सामान बाहेर नेताना सुरक्षारक्षक बहुधा फ्लॅटमालकाची परवानगी मागतो. ती विक्रेत्यानेच आणायची अशी अट घालावी, म्हणजे घरमालकाला न विचारता काही चालले असल्यास ते गेटवरच कळते. शेवटी साध्या कागदावर विक्रेत्याचे नाव, पत्ता, सीरियल नंबर, रक्कम आणि ‘ही वस्तू माझ्या मालकीची असून तिच्यावर कर्ज नाही’ एवढे वाक्य सहीनिशी घ्यावे आणि पैसे त्याच नावाच्या खात्यात द्यावेत.

हे सगळे जमले तर वॉशिंग मशीन पाहायला हरकत नाही. रिकामा ड्रम हाताने फिरवावा. तो गप्प फिरला पाहिजे. घरघर आली किंवा ड्रम वर-खाली हलला, तर बेअरिंग गेले आहे. मग पाणी लावून पूर्ण स्पिन होईपर्यंत तेथेच थांबावे, कितीही संकोच वाटला तरी. आणि प्लग पाहावा. बऱ्याच वर्षांपूर्वी मी स्वतः एक जुने वॉशिंग मशीन आणले होते, ज्याच्या आधीच्या मालकाने घरात दोन भोकांचेच सॉकेट असल्यामुळे अर्थिंगची जाड पिन कापून टाकली होती. ओल्या हाताने झाकण उचलताना झिणझिण्या आल्या, तेव्हा कोठे माझे प्लगकडे लक्ष गेले. नवा थ्री-पिन प्लग काही रुपयांत येतो. तो बदलल्याशिवाय आणि आपल्या सॉकेटला अर्थिंग खरोखर आहे हे वायरमनकडून पाहून घेतल्याशिवाय मुलाने ते लावू नये.

प्रश्न : विक्रेता म्हणतो की स्प्लिट एसी भिंतीवरून उतरवून, गॅस लॉक करून ठेवला आहे, लगेच नेता येईल. पाच स्टारचा आहे, २०१९चा. सौदा चांगला वाटतो. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : उतरवलेला एसी तपासता येत नाही, म्हणून मी तो घेणार नाही. गॅस लॉक करणे म्हणजे एसी चालू ठेवून गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा करायचा आणि दोन्ही वॉल्व्ह बंद करायचे. हे काम नीट झाले की अर्ध्यावर, ते बसवून चालवल्याशिवाय कळत नाही, आणि बसवण्याचा, तांब्याच्या पाइपचा, ब्रॅकेटचा खर्च तोवर तुमच्या खिशातून गेलेला असतो. खाडीकाठच्या आणि समुद्राजवळच्या घरांत बाहेरच्या युनिटच्या बारीक पट्ट्या खाऱ्या हवेने पिठासारख्या भुगा होतात. तेवढे मात्र उतरवलेल्या एसीतही बोट फिरवून पाहता येते.

पाच स्टारवरही भुलू नये. २०१८पासून पाच स्टारसाठी आयएसईईआर हा, खर्च झालेल्या विजेच्या मानाने किती थंडावा मिळतो हे सांगणारा निर्देशांक ४.५ लागत असे, जुलै २०२२पासून तो ५ झाला. म्हणजे २०१९चा पाच स्टारचा एसी २०२२च्या मोजपट्टीने चार स्टारचाही असू शकेल. ताऱ्यांऐवजी लेबलवर छापलेली वर्षाची युनिटे वाचा. ती १६०० तासांच्या वापरासाठी असतात, आपला वापर त्याहून किती कमी-जास्त आहे ते पाहून नव्या एसीच्या युनिटांशी तुलना करा. आणि पाटीवर आर-२२ असेल, तर स्वस्त मिळाला तरी सोडून द्या, कारण ओझोनसाठी तो गॅस टप्प्याटप्प्याने बंद होत आहे.

प्रश्न : फ्रिज विकणारे गृहस्थ स्वतःला लष्करातले सांगतात. ओळखपत्राचा फोटो पाठवला आहे. छावणीत प्रवेश नाही, म्हणून लष्कराच्या गाडीतून फ्रिज घरपोच येईल, आधी २,००० रुपये गेटपासचे भरा, ते परत मिळतील, असे म्हणतात. (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : भरू नका. फ्रिज अस्तित्वातच नाही. ही पद्धत जुनी आणि ठराविक आहे : ओळखपत्र कोणाचे तरी चोरलेले असते, गेटपासनंतर वाहतूक येते, वाहतुकीनंतर विमा, आणि मग ‘पैसे परत करतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका’ असे सांगून उरलेले खाते रिकामे करतात. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, पैसे घेण्यासाठी कधीच लागत नाही. काही रक्कम आधीच गेली असेल, तर हे उत्तर वाचून झाल्यावर नव्हे, आत्ताच सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोन करा, व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा आणि आपल्या बँकेलाही कळवा. रक्कम पुढच्या खात्यात वळण्यापूर्वी ती गोठवता आली, तरच ती हाती लागण्याची शक्यता राहते.